छप्पर, उंबरा, कुंकू

वहिनी,

आधी माफी मागते. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. चौथीतून शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर जसं असायचं तसं आहे, ओळ चढावर निघते आणि खाली घसरते. ऱ्हस्व-दीर्घही चुकणार. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक मला लांबून दिसते आणि स्वतःच्या हातची दिसत नाही, हे तुम्हीच सांगायचात. तेव्हा आता लाल पेन्सिल शोधू नका. हे छापायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. रद्दी प्रुफांच्या पाठीवर लिहिते आहे. पुढच्या बाजूला किकवीच्या हॉटेलाचं दरपत्रक आहे, त्याची शाई इकडे उमटलीय. माझ्या ओळींमधून मिसळ आणि कडक चहा दिसतो. तुम्ही हसला असतात.

दुपार आहे. छापखान्याचं पुढचं दार लोटून घेतलंय. रसूलभाई जेवायला घरी गेलेत. ट्रेडल मशीन गप्प आहे. हीच आपली वेळ होती, म्हणून ही निवडली.

तुम्ही गेल्यावर माणसं येऊन बसून गेली. सगळी म्हणाली, वहिनींनी हौसाला घडवलं. रस्त्यावरची बाई उचलून तिला अक्षराला लावलं. मी मान हलवत होते. ते खरंच आहे. पण पुढचं मला त्यांना सांगता येत नव्हतं, आणि तुम्हालाही मी ते धड कधी सांगितलं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलं, वहिनी. अर्धं तुमच्या तोंडात आणि अर्धं माझ्या.

तुमच्याकडे आले तेव्हा शोभा कडेवर होती. नवऱ्यानं दुसरं घर केलं होतं आणि गुंजवण्याला भावाच्या दारात माझी अडचण होत होती. तुम्हाला कागद घडी घालायला बाई हवी होती. मी मागच्या खोलीत राहिले आणि पुढच्या खोलीत घड्या घातल्या. बोलत नव्हते. गिऱ्हाईक विचारायचं, ही मुकी आहे का? तुम्ही म्हणायचात, मुकी नाही, महाग आहे. रसूलभाईंशी तर मी दोन वर्षं एक शब्द बोलले नसेन. छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारा, मोठ्या आवाजाचा परका पुरुष. ते काही म्हणाले की मी पदर ओढून घडीत मान घालायची.

मग एका दुपारी तुम्ही मला समोर बसवलंत. वेल्ह्याकडच्या कुणाचा तरी लग्नपत्रिकेचा मजकूर होता. वहीचं एक पान, वरपासून खालपर्यंत एका दमात लिहिलेलं, कुठं थांबा नाही. कुलदैवत, नवरा, नवरी, आजोबा, मुहूर्त, जेवणाची वेळ, सगळं एकाच गर्दीत. तुम्ही विचारलंत, "ह्यात घर कुठंय?"

मला काहीच कळलं नाही.

तुम्ही म्हणालात, कागद म्हणजे एक घर धर. छप्पर कुठलं? म्हणजे सगळ्यांच्या वर काय असायला हवं? मी कुलदैवतावर बोट ठेवलं. तुम्ही त्या ओळीवर पेन्सिलीनं छप्पर काढलंत, दोन तिरक्या रेघा. मग विचारलंत, नवी खोली कुठं सुरू होते? मी मुहूर्तावर बोट ठेवलं. तिथं तुम्ही उंबरा घातलात, एक उभी आणि तिच्या पायाशी एक आडवी रेघ. म्हणजे इथून नवा परिच्छेद. मध्ये मोकळी जागा सोडायची तर अंगण, नुसता चौकोन. दोन शब्द फाकले असतील तर खाली झोळी. ओळ बरोबर मध्यावर घ्यायची तर चूल, तीन टिंबं.

नवरा-नवरीच्या नावावर आल्यावर तुम्ही थांबलात. नावं ठळक हवीत, काळ्या जाड खिळ्यांत. त्याची खूण काय करावी याचा विचार करत तुम्ही माझ्या कपाळाकडे बघितलंत. माझं कुंकू होतं, नवरा नसल्यासारखा असूनही. तुमचं नव्हतं.

"मला लावता येत नाही, तुला पुसता येत नाही," तुम्ही म्हणालात. "कागदाला लावू."

गोल काढून आत टिंब दिलंत. कुंकू म्हणजे ठळक.

त्या दिवशी तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत, तिच्यावर मी पुढं सगळा जन्म काढला. मी विचारलं होतं, छप्पर केवढं मोठं काढायचं? देवाचं नाव मोठं दिसायला हवं म्हणून मी मोठं छप्पर काढत होते. तुम्ही म्हणालात, छप्पर लहान काढ नाहीतर मोठं, त्यानं काही होत नाही. खूण छापली जात नाही. ती फक्त रसूलभाईंना सांगते की हे काय आहे. हा मथळा, हा परिच्छेद, हे महत्त्वाचं नाव. दिसेल कसं, किती पॉइंटांत, कुठल्या खिळ्यांत, ते ज्याचं त्याला ठरवू दे. तू फक्त खरं सांग की हे काय आहे.

तू फक्त खरं सांग. तुमचेच शब्द आहेत, वहिनी.

मला ते काम असं लागलं की काय सांगू. जे तोंडानं बोलता येत नव्हतं ते पेन्सिलीनं बोलता येऊ लागलं. मी कागदावर छप्पर घालायची, कागद खिडकीतून रसूलभाईंकडे सरकवायची आणि थोड्या वेळानं तो तसाच जुळून यायचा. न बोलता माझं म्हणणं ऐकलं जात होतं. असं आधी कुठं झालं नव्हतं, माहेरी नाही आणि सासरी तर नाहीच. मग तेही पलीकडून ओरडायला लागले, "हौसाबाई, छप्पर घातलंय पन खाली भिंत न्हाई, हे राहील कशावर?" मी मथळ्याखालच्या मजकुराला उंबरा घालायला विसरलेली असायची. एक दिवस मी हसले आणि तोंडानं उत्तर दिलं. तुम्ही गल्ल्यावरून वळून बघितलंत. संध्याकाळी शोभाच्या हातावर पेढा ठेवलात.

हे सगळं मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर राग सोपा झाला असता.

काळी पत्रिका आठवते? जी खूण उघडली ती मिटायलाही हवी, हा तुमचा दुसरा धडा. कुंकू जिथं सुरू केलं तिथून ठळक खिळे सुरू होणार. ते कुठं थांबायचं हे नाही सांगितलं तर कंपोझिटर बिचारा जुळवतच जाणार. मिटायची खूण तुम्ही ठरवली होती, तेच कुंकू आणि त्यावर एक तिरकी काट. इतर कागदांवर मी ती केली. मग गुंजवण्याच्या एका मुलीची पत्रिका आली. नवरीच्या नावाआधी कुंकू काढलं आणि नावापुढं पेन्सिल नेली, पण हात पुढं जाईना. लग्नाच्या कागदावर नवरीच्या कुंकवावर काट कशी मारायची? माझंच बघा काय झालं होतं. मी खूण न मिटताच कागद सरकवला. रसूलभाई शिस्तीचे. त्यांनी नवरीपासून खाली सगळं ठळक जुळवलं, मुहूर्त, जेवण, समस्त ग्रामस्थ, अगदी आपल्या छापखान्याचं नावसुद्धा. तुम्ही त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला होतात. प्रूफ बघायला कुणी नव्हतं, सगळ्या प्रती छापून झाल्या.

नवरीचा बाप आला. मी मागं जाऊन बसले. तो पत्रिका लांब धरून बघत राहिला आणि म्हणाला, "लई झाक. आंधळ्याला बी वाचता येईल." पुढं वर्षभर त्या बाजूची माणसं येऊन काळीच पत्रिका मागायची.

तुम्हाला खरं कारण सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, बरोबर आहे तुझं, खूण बदलू. मिटायला नुसता रिकामा गोल. त्याला हळद म्हणू. कुंकू उघडेल, हळद मिटवेल.

मी विचारलं होतं, "पुन्याला बी हळदच करत्यात का?"

"करतात की," तुम्ही म्हणालात. "खुणा सगळीकडे सारख्याच."

हे वाक्य आठवा, वहिनी. मी तर रोज आठवते. जी खूण सगळीकडे सारखी असते ती एका दुपारी भोरच्या एका खोलीत कशी बदलता येईल, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण तुम्ही सांगितलंत आणि मी मानलं. तुमचं मी सगळंच मानत होते.

शोभा सातवीला गेली. पहिल्या पाचांत नंबर असायचा. गुंजवण्याहून भाऊ चकरा मारायला लागला. म्हणायचा, सातवी झाली की बास, किकवीचं स्थळ आहे, रस्त्यावरचं गाव आहे, एस.टी. दारात थांबते, आणखी काय पाहिजे. पोरगी तुझी असली तरी नाव आमचं जातं. मला तिला शिकवायचं होतं. भोरला राहिले तर भाऊ ऐकणार नव्हता, ही खोली तुमची आणि पगार घडीवाल्या बाईचा. तेवढ्यात पुण्याहून कागद घेऊन येणारा माणूस बोलला. तिकडच्या एका छापखान्यात शाळेच्या पुस्तकांचं काम आलं होतं. हस्तलिखितावर खुणा करायला बाई चालेल, राहायला खोली मिळेल, पगार दुप्पट.

मी रात्रभर जागी होते. सकाळी तुम्हाला विचारलं. तुम्ही तांदूळ निवडत होतात. हात थांबला नाही. म्हणालात, जाऊन ये. बघून ये. साठ रुपये दिलेत, एस.टी.ला, नव्या लुगड्याला आणि वर असू दे म्हणून. मी म्हटलं, फेडीन. तुम्ही म्हणालात, फेड गं सावकाश.

मला वाटलं, आईसुद्धा एवढं करणार नाही.

तो छापखाना मोठा होता, एकदम दहा-बारा माणसं खिळे जुळवत होती. आत एक म्हातारे गृहस्थ चष्मा कपाळावर ठेवून बसले होते. त्यांनी मला भूगोलाची दोन पानं दिली आणि म्हणाले, करा खुणा, घाई नाही. मी घाई केलीच नाही. छपरं घातली, उंबरे घातले, नद्यांच्या नावांना कुंकू लावलं आणि प्रत्येक कुंकू हळदीनं मिटवलं. वहिनी, त्या दोन पानांत माझी एक खूण उघडी राहिली नव्हती. मला स्वतःचा अभिमान वाटला. तसा तो मला कधी वाटत नाही.

त्यांनी पान हातात घेतलं, चष्मा खाली ओढला, पान उलटं करून बघितलं. मग शेजारच्याला बोलावलं. तो हसला. वाईट माणूस नसावा, त्याला हसू आलं एवढंच. म्हणाला, "बाईंनी रांगोळी काढलीय."

म्हातारे गृहस्थ हसले नाहीत. ते वाईट होतं. त्यांनी मला समजावून सांगितलं. ठळक हवं तर शब्दाखाली नागमोडी रेघ आणि समासात इंग्रजी बी आणि एफ. परिच्छेदाची खूण अशी, जोडायची अशी, तिरप्या अक्षराला हे. समासात ठिकठिकाणी इंग्रजी अक्षरं. सगळीकडे ह्याच खुणा चालतात, बाई. ह्या तुमच्या कुणाला कळणार? तुम्ही कुठं शिकलात?

मी भोर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. तुमचं माहेरचं नाव घेतलं त्यांनी. म्हणाले, ती भोरलाच दिली ना? लग्नाआधी तीन वर्षं माझ्या हाताखाली होती. सगळ्या खुणा तोंडपाठ. तिच्यासारखं स्वच्छ मार्किंग मी नंतर बघितलं नाही. तुम्ही तिच्याकडे का नाही गेलात शिकायला? हे तुम्हाला कुणी शिकवलं?

वहिनी, मी त्या क्षणी काय म्हणाले ते तुम्हाला मी सांगितलं नाही. आज सांगते. मी म्हणाले, "कुनी न्हाई. माझ्या मीच काढल्या."

तुमचं नाव त्या खोलीत चांगलं होतं. ते माझ्या तोंडानं खराब व्हायला नको होतं. म्हणून मी वेडी ठरले.

येताना एस.टी. शिवऱ्याला थांबली. बायका खिडकीशी काकड्या घेऊन आल्या. शेजारची बाई मला काकडी देत होती. मी घेतली आणि कापडाच्या घडीत धरून तशीच भोरपर्यंत आणली. खाणं सुचत नव्हतं आणि टाकणंही. डोक्यात एकच चाललं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या छपरापासून त्यांना माहीत होतं. हळदीच्या दिवशी माहीत होतं. साठ रुपये हातावर ठेवताना माहीत होतं की ही संध्याकाळच्या गाडीनं परत येणार.

तुम्ही स्वयंपाकघरात होतात. मी चप्पल न काढता दारात उभी राहिले.

"तुमास्नी म्हाईत व्हतं," मी म्हणाले.

तुम्ही लगेच ओळखलंत कशाबद्दल. ह्याचाच जास्त राग आला. एकदाही काय म्हणून विचारलं नाहीत.

"इंग्रजी अक्षरं आहेत त्यात, हौसा," तुम्ही म्हणालात. "तुला कुठून आली असती?"

"इचारायचं तरी."

"तुला सोपं जावं म्हणून केलं मी. तू तेव्हा तोंड वर करून बोलत नव्हतीस. ए-बी-सी-डी काढून बसले असते तर दुसऱ्या दिवशी आली नसतीस."

"आन नंतर? शिकल्यावर?"

"नंतर..." तुम्ही म्हणालात. "नंतर तू..."

तेवढ्यात पुढून रसूलभाईंनी कागद संपला म्हणून हाक मारली आणि तुम्ही गेलात. परत आलात तेव्हा भात वाढलात. ते वाक्य तिथंच राहिलं. उघडलेलं, न मिटलेलं. त्यानंतर किती वर्षं गेली, मी त्याचा शेवट लावत बसते. नंतर तू गेली असतीस. नंतर तू नसतीस तर प्रुफं कुणी वाचली असती, मोतीबिंदू वाढत होता. नंतर तू मला इतकी सवयीची झालीस. ह्यातलं कुठलं होतं? तुम्ही आजारी असताना उशाशी बसून मी ते विचारणार होते. त्याऐवजी तुम्हीच विचारलंत, अजून रागावलीस का गं? मी न्हाई म्हणाले आणि पाय चेपायला लागले. तुम्हीही खरं मानलं नाहीत.

रसूलभाईंना मी विचारलं होतं. ते म्हणाले, "मालकीणबाईंनी सांगितलं, हौसासाठी सोप्या खुना केल्यात, तुमी बी त्याच धरा. म्या म्हनलं, बरं हाय. आपल्याला काय, कागदावर कुत्रं काडलं आन त्याला ठळक म्हना म्हनलं तर ठळक जुळवीन. पन तुमी पुन्याला निगालाय हे कुनी मला सांगितलंच न्हाई, बाई." त्यांच्यावर राग धरता आला नाही.

शोभाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. किकवीला. पत्रिका इथंच छापली. तिच्या नावाला मीच कुंकू लावलं आणि मीच हळद. तुम्ही तिला चांगली साडी नेसवलीत, पैठणीच्या काठाची, तुमच्या पेटीतली. ती रडत होती आणि मला वाटत होतं, तिच्या खांद्यावरचा तुमचा हात कुणीतरी बाजूला करावा. तिला ह्यातलं काही माहीत नाही. ती तुम्हाला मोठी आई म्हणते. परवा अंत्ययात्रेला तिच्याइतकं कुणी रडलं नाही.

नवरात्रात मी तुमच्यापुढं कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, पुण्याच्या खुणा शिकवा. विनंती नव्हती ती. तुम्हालाही ते कळलं. तुम्ही चष्मा लावून, कागद डोळ्यांपाशी नेऊन एकेक खूण काढलीत. नागमोडी रेघ स्वच्छ होती, त्या गृहस्थांनी म्हटलं तशी. इंग्रजी अक्षरं सगळी मिळून थोडीच होती. शोभाच्या जुन्या पुस्तकात ती सगळी सापडली. देवीचे घट बसले तेव्हा सुरुवात केली आणि घट उठायच्या आत मला सगळं आलं.

तेवढंच होतं ते, वहिनी. जे मला कधी येणार नाही असं तुम्ही माझ्या वतीनं ठरवून टाकलं होतं, ते तेवढंच होतं.

पुण्याची जागा तोवर भरली होती. मी पुढं तुमच्याकडेच राहिले. दुष्काळात काम आटलं, कागद मिळेना, तेव्हाही राहिले. का राहिले याचं उत्तर मलाही नीट देता येणार नाही. तुम्हाला दिसत नव्हतं आणि मला दुसरीकडे जायचं नव्हतं, असं म्हणा. पण त्या नवरात्रानंतर मी प्रत्येक कागदावर पुण्याच्या खुणा केल्या. एक छप्पर घातलं नाही. रसूलभाई कुरकुरायचे, आपलं घर मोडून ही कुठली इंग्रजी शाळा आणलीत म्हणून. तुम्ही सगळं ऐकायचात. तुम्हाला ते लागत होतं हे मला माहीत होतं. लागावं म्हणूनच मी ते करत होते.

काल तुमच्या उत्तरकार्याचं पत्र केलं. वाईहून तुमचा भाचा आलाय, सदानंद, त्यानं मजकूर लिहून दिला. तोही एका दमात, कुठं थांबा नाही. मी पेन्सिल घेऊन बसले. मथळ्याला, परिच्छेदाला, सगळीकडे पुण्याच्या खुणा केल्या. तुमच्या नावाखाली नागमोडी रेघ काढली, समासात बी आणि एफ लिहिलं. कागद खिडकीतून सरकवला.

रसूलभाईंनी तो परत आणला. माझ्यासमोर ठेवला आणि तुमच्या नावावर बोट ठेवलं.

"हे कळलं न्हाई," ते म्हणाले.

इतकी वर्षं ही खूण ते जुळवत आलेत. मी त्यांच्याकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

"हितं काय हाय ते सांगा," ते म्हणाले.

मी खोडरबर घेतला. रेघ पुसली, अक्षरं पुसली. गोल काढला. आत टिंब द्यायला मला बराच वेळ लागला. विधवा झाल्यापासून तुम्ही ते कपाळाला लावलं नव्हतं. मग मी पेन्सिल खाली ठेवली तर ते अजून उभेच.

"हळद ऱ्हायली," ते म्हणाले. "न्हाई तर समदं पत्र काळं व्हईल."

मी नावापुढं रिकामा गोल काढला. ते कागद घेऊन गेले.

ह्याचा अर्थ राग गेला असा घेऊ नका. एका नावाला कुंकू लावल्यानं शोभाची शाळा परत येत नाही. छापून झाल्यावर पत्र हातात घेतलं. तुमचं नाव ठळक होतं, छान उठलं होतं, आणि कुठल्या खुणेनं ते तसं झालं हे त्यावर कुठंच दिसत नव्हतं. तुम्ही म्हणाला होतात तसंच. खूण छापली जात नाही.

सदानंद छापखाना विकायचं म्हणतोय. रसूलभाईंना ट्रेडलसकट नवा मालक ठेवील. मला विचारलं, मावशी, तुम्ही काय करणार? मी म्हणाले, बघू. त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या छापखान्याचा पत्ता माझ्याकडे अजून आहे. ते असतील की नाही कुणास ठाऊक. ह्या खेपेला दोन्ही भाषा येतात मला.

एक राहिलं होतं. पुण्याचे साठ रुपये मी पगारातून दोन-दोन, पाच-पाच करून परत करत आले. तुम्ही दर वेळी राहू दे गं म्हणायचात आणि मी दर वेळी गल्ल्यावर ठेवायची. शेवटचे दहा तेवढे मी मुद्दाम ठेवले होते. ते दिले की त्या अर्ध्या वाक्याचं तुम्हाला विचारायला काही कारण उरलं नसतं असं वाटायचं. आज सकाळी ते सदानंदाच्या हातावर ठेवले. तो गोंधळला. म्हणाला, कशाचे? मी म्हणाले, वहिनींकडून घेतले होते. तो म्हणाला, आणखी किती आहेत? मी म्हणाले, एवढेच. मोजून घ्या.

त्यानं मोजून घेतले. पैशाचं आपलं आता काही बाकी नाही, वहिनी.